पेन धरणारे यंत्र

छापणारे यंत्र सर्वांच्या ओळखीचे आहे. पेन धरून रेघ ओढणारे यंत्र पाहिलेली माणसे मात्र आता थोडी. त्याचे नाव प्लॉटर. १९८० आणि ९०च्या दशकांत अभियंत्यांच्या, नकाशे काढणाऱ्यांच्या कचेऱ्यांत ते असायचे. पुढे शाईचे फवारे मारणारे मोठे प्रिंटर आले आणि प्लॉटर माळ्यावर गेले.

पन्हाळ्यावर माझ्या ओळखीच्या एका निवृत्त आरेखकांनी असाच एक प्लॉटर, ह्यूलेट-पॅकार्डचा ७४७५ए, भंगाराच्या भावात घेऊन ठेवला होता. गडावरची जुनी घरे आणि विहिरी मोजून त्यांनी काढलेले नकाशे इथल्या पावसाने, धुक्याने खाल्ले. उरल्या त्या फायली. आता हात थरथरतो, त्यामुळे नकाशे पुन्हा हाताने काढणे नाही. म्हणून यंत्र चालू करायचे.

तुम्ही म्हणाल, लेझर प्रिंटरवर छापून घ्या की! छापता येतात. पण प्रिंटरची रेघ ठिपक्यांची. ट्रेसिंग कागदावरच्या ओल्या शाईच्या रेघेत ज्याची हयात गेली, त्याचे समाधान तिने होत नाही. बोरूचे अक्षर पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे समजावून सांगावे लागले नाही.

या यंत्राची युक्ती साधी आहे. पेन फक्त आडवे सरकते. उभी हालचाल कागद करतो. दोन्हींचा मेळ बसला की तिरपी रेघ, वर्तुळ, काय हवे ते. कागदाच्या दोन्ही कडा खाली खरखरीत चाक आणि वर रबरी चाक यांच्यात धरलेल्या असतात. खरखरीत दाण्यांचे बारीक वळ कागदावर उठतात आणि कागद मागेपुढे कितीही वेळा झाला तरी दाणे त्याच वळांत बसतात. म्हणून पेन अचूक जुन्या जागी येते.

बिघाड तिथेच होता. रबर कडक होऊन भेगाळले होते, कागद घसरत होता, वर्तुळाची टोके जुळत नव्हती. सुटा भाग बाजारात नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कारागिराने जुने रबर सोलून नवे चढवले आणि लेथवर मापात घासून दिले. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा बनवून १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, त्या गावात दोन चाकांचे काय कौतुक!

मग संगणकाशी बोलणे. नव्या संगणकाला जुनी सिरियल जोडणी नसते. त्यासाठी यूएसबीची छोटी वायर मिळते. यंत्राच्या मागच्या बारीक खटक्यांवर वेग ठरवायचा, तोच संगणकात लावायचा. यंत्राची स्मृती जेमतेम हजार अक्षरांची. ‘थांब, पोट भरले’ हा त्याचा निरोप संगणकाला पोचला नाही, तर मधल्या आज्ञा सांडतात आणि नकाशावर भलतीच रेघ उमटते. बिघाड वाटावा असा हा प्रकार नुसत्या वायरीच्या जोडणीचा असतो.

आज्ञा मात्र कुणालाही वाचता येतील अशा. पीयू म्हणजे पेन वर, पीडी म्हणजे पेन खाली. एका मिलिमीटरचे ४० भाग. म्हणजे पेन खाली ठेवून ४००० भाग गेले की दहा सेंटिमीटर रेघ. फाईल म्हणजे हीच साधी अक्षरे, म्हणून इतक्या वर्षांनीही ती उघडली.

खरी अडचण पेनांची. जुनी सुकून गेलेली. त्यांच्या मापाची नळी करून तिच्यात आजची जेल रिफिल बसवली. टोक केसभर खाली आले तर कागद ओरबाडतो, वर गेले तर रेघ तुटते. पावसाळ्यात कागदही फुगतो, म्हणून तो आदल्या रात्री दिव्याखाली ठेवायचा.

नावांसाठी देवनागरी या यंत्राला ठाऊक नाही. प्रत्येक अक्षर रेघांत मोडावे लागले. ‘विहीर’ लिहिताना आधी तिन्ही अक्षरे, मग पेन उचलून एकच सलग शिरोरेषा, हा क्रम आम्ही दोघांनी वाद घालून ठरवला. ते म्हणत होते, शिरोरेषा आधी.

शेवटची आज्ञा एसपी शून्य. तिने पेन झाकणात परत जाते. ती राहून गेली की पेन रात्रभर उघडे राहते आणि सकाळी सुकलेले मिळते.