वाकडेपणाचा गुण

‘सर’ आणि ‘रस’. अक्षरे तीच; जागा बदलली आणि अर्थ कोठल्या कोठे गेला! रसायनशास्त्रातही असेच चालते. तेच अणू, तितकेच अणू, पण मांडणी निराळी. अशा पदार्थांना १८३० साली बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ‘आयसोमर’ हे नाव दिले. मराठीत त्यांना समघटक म्हणतात.

पॉलिइमाइड नावाचे एक प्लॅस्टिक आहे. घरची बादली विस्तवाजवळ ठेवली की वाकते. हे मात्र दोन-अडीचशे अंश सेल्सिअसला दाद देत नाही. म्हणून रेल्वे इंजिनांच्या विद्युत मोटरींत आणि अंतराळयानांत त्याचा पातळ पडदा वापरतात. परंतु जो गुण तोच दोष! जे सहजासहजी वितळत नाही, ते साच्यात ओतायचे कसे?

नांदेडहून लातूरकडे जाताना कडब्याच्या गंजी दिसतात. ज्वारीची ताटे सरळ, म्हणून पेंढी घट्ट बसते. बाभळीच्या काटक्यांची मोळी बांधून पाहा, फटी राहणारच. पॉलिइमाइडच्या लांबलचक साखळ्या या ताटांसारख्या एकमेकींना बिलगून असतात.

त्यांना सैल करण्याचा एक मार्ग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अभ्यासला गेला. काजूच्या टरफलांच्या तेलातील द्रव्यापासून मिळणारी लांब शेपटी साखळीला जोडायची. त्याने पॉलिइमाइड घडवणे सोपे होते. पण ते मऊ पडण्याचे तापमानही खाली येते.

दुसरा मार्ग समघटकांचा. अणू तेच ठेवून साखळीच्या कडीतील जोड समोरासमोर न करता तिरके करायचे. साखळी वाकडी होते, घट्ट बसत नाही आणि तापवल्यावर वाहते. खरी गंमत पुढेच आहे. त्या वाकड्या सांध्याला गिरकी घेणे अवघड जाते. म्हणून ताप सोसण्याची ताकद घटत तर नाहीच, कधी कधी वाढते! अमेरिकेत नासाच्या लँग्ली केंद्रात अशा घटकापासून ‘पेटी-३३०’ तयार झाले. ते सुमारे २८८ अंशांना पातळ होऊन कार्बन-तंतूंच्या कापडात मुरते आणि ३७१ अंशांना भाजले की कायमचे घट्ट होते. विमानातील उष्ण जागी धातूऐवजी असे हलके भाग बसवता येतात.

उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली की उभे पीक वाळते, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. तारेवरचे वेष्टन तापाने जळणे, हे त्याचे एक कारण. वितळणारे पॉलिइमाइड तारेवर थेट चढवता येते. अडचण आहे ती किमतीची. ती उतरली, तर प्रयोगशाळेतल्या या वाकड्या कडीचे मोल आमच्या शेतकऱ्यालाही कळेल.