पाहुणा पाड्याचा, निर्णयही पाड्याचा

पाऊस तोंडावर आला की वाशिंद, आसनगाव, शहापूर, मुरबाडच्या बाजारात कातकरी आणि ठाकूर बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजवतो, म्हणून त्यांच्या भाजीत काकडाची आंबट फळं घालतात. शेवळं रानात कुठे सापडतात, निवडताना काय टाकून द्यायचं, काकड किती घालायचं, ही माहिती त्या बाईकडे असते. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते फक्त जुडीचे, तेही घासाघीस करून; त्या माहितीचे नाही. आदिवासी पाड्यांवरच्या पर्यटनाचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. हे पर्यटन जरूर वाढावं, पण पाहुणे किती घ्यायचे, दर काय लावायचा आणि काय दाखवायचं नाही, हे पाड्याने ठरवायला हवं.

गर्दी तर केव्हाच आली आहे. माळशेज घाटात आणि माहुली गडाच्या पायथ्याशी पावसाळी शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, अपघात झाले की बंदीहुकूम निघतो आणि कचरा गावाच्या वाट्याला येतो. वाशिंद-मुरबाड पट्ट्यात फार्महाऊस उभी राहिली, तिथे स्थानिक माणसाला काम मिळतं ते बहुधा राखणदाराचं किंवा स्वयंपाकिणीचं. तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातलेच पाडे टँकरची वाट पाहतात. पर्यटनही त्याच वाटेने गेलं, तर इथल्या माणसाच्या हाती काय उरणार?

दुसरी वाट आहे, आणि ती दूर नाही. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत महादेव कोळी कुटुंबं ‘ग्रासरूट्स’ संस्थेच्या मदतीने पाळीपाळीने पाहुणे घरी ठेवतात; आजोबा डोंगराच्या पायथ्याच्या, शहापुरातल्या डेहणे गावातही त्या संस्थेने हा प्रयोग नेला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात क्री लोकांनी जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध लढून १९७५च्या जेम्स बे करारात शिकार-मासेमारीचे हक्क लेखी मिळवले. आज त्यांची संस्कृती पाहायला येणाऱ्यांचं स्वागत ते स्वतः करतात. आधी जमिनीवर हक्क आणि मग पाहुणा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आदिवासी भागांसाठीचा १९९६चा पेसा आणि २००६चा वनहक्क कायदा ग्रामसभेला असंच बळ देतात, पण पर्यटनाच्या बैठकांत त्यांचं नाव क्वचितच निघतं.

यावर पहिला आक्षेप असा की संस्कृतीचा तमाशा होईल. ही भीती खरी आहे. नवं धान्य घरात येण्याच्या दिवसांतला तारपा मे महिन्यात हौसेखातर वाजवायला लावला, तर नाच उरतो आणि सण जातो. पण हा नाच आजही रिसॉर्टच्या हिरवळीवर बिदागी देऊन करवून घेतला जातोच; ‘आत्ता नाही’ म्हणण्याचा अधिकार ग्रामसभेलाच असू शकतो. काजवे पाहायला येणाऱ्या गर्दीचंही तसंच. प्रकाशाच्या खुणांवर काजव्यांचं मीलन होतं आणि गाड्यांचे दिवे त्यात विघ्न आणतात. वाहनं गावाबाहेर थांबवायची, तर गावाचा शब्द चालायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: गावातही पैसा पक्क्या घरवाल्यांकडेच जाईल. राज्याचं २०२०चं कृषी पर्यटन धोरण शेतजमीन असणाऱ्याभोवती रचलेलं आहे. भूमिहीन कातकरी त्यात बसत नाही. म्हणून पैसे फक्त खोलीचे घेऊन चालणार नाही. रानभाज्या दाखवायला नेणाऱ्या बाईचा, वाटाड्याचा, रांधणारीचा दर वेगळा लावावा आणि तो थेट ज्याच्या-त्याच्या हाती पडावा. त्यांना व्यवहार जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी शहापूरच्या कातकरी तरुणांकडे पाहावं. त्यांनी वनधन केंद्रामार्फत गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकली. त्यांना भांडवल आणि बाजाराशी गाठ घालून देणारी व्यवस्था मिळाली होती. पाड्यांनाही तेवढीच मदत लागेल, आणि ती आधी नळाच्या पाण्यावर नि शौचालयांवर खर्च व्हावी: पाहुणा येवो न येवो, घरच्यांना दोन्ही हवंच आहे.