गांजा हा ‘नुसता झाडपाला’ नव्हे

महाशिवरात्रीला परळी वैजनाथला भाविकांची रीघ लागते, आणि त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या पारांवर एक युक्तिवाद हमखास रंगतो: गांजा म्हणजे महादेवाचा प्रसाद, नुसता झाडपाला. दारूसारखं त्याचं व्यसन थोडंच लागतं?

लागतं. गांजा ओढणाऱ्यांपैकी साधारण दहातला एक जण त्याच्या आहारी जातो; मिसरूड फुटायच्या वयात सुरुवात केली, तर सहातला एक. ‘एम्स’च्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भांग, गांजा, चरस यांच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेले भारतीय सुमारे ७२ लाख आहेत. आणि झाडपाल्याचंच म्हणाल, तर अफूही झाडालाच येते.

चिलमीला गुंडाळलेल्या ओल्या साफीतून धूर गाळून येतो, हीसुद्धा भाबडी समजूत. साफीनं धूर थोडा गार होतो, इतकंच. नशा चढते, याचाच अर्थ टीएचसी हे मुख्य मादक द्रव्य मेंदूपर्यंत पोचलेलं असतं.

तिथं ते नेमकं काय करतं? मेंदूच्या पेशींवर सीबी-१ नावाचे ग्राहक असतात. शरीर स्वतःच तयार करत असलेली काही रसायनं त्यांच्यामार्फत पेशींमधल्या संदेशांवर लगाम ठेवतात. टीएचसी तोच लगाम हिसकावून घेतं. हे ग्राहक स्मरणाच्या केंद्रात दाट असतात, म्हणून आत्ता वाचलेला धडा टिकत नाही. लहान मेंदूतही ते दाट असतात, म्हणून हालचालींचा ताळमेळ सुटतो. ‘ओढला की शीण जातो, काम उरकतं’ असं सांगणाऱ्यानं कोयता चालवणारा हात किंवा उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणावा. श्वास चालवणाऱ्या भागात मात्र हे ग्राहक फार कमी असतात. त्यामुळे अफूसारखा गांजानं श्वास बंद पडत नाही, आणि ‘त्यानं कुणी मरत नाही’ हा समज त्यातूनच बळावतो. पण न मारणारी गोष्ट निरुपद्रवी असतेच असं नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज वेगळाच आहे. गांजा ओढणारा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा रात्र-रात्र जागतो, कानात आवाज येतात म्हणतो, आईनं वाढलेल्या ताटात विष आहे म्हणून ताट सारतो. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं झालंय’, आणि महिनोन्‌महिने देवऋषाकडे खेटे घालतात. पण ही स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराची लक्षणं असू शकतात, आणि गांजाशी त्याचा संबंध दिसलेला आहे. स्वीडनमध्ये लष्करभरतीला आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा वर्षानुवर्षं माग काढून १९८७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षापर्यंत भरपूर गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळलं. गांजा ओढणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही; घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल, तर धोका वाढतो. पण लक्षणं दिसल्यावर वाया गेलेला प्रत्येक महिना महागात पडतो.

‘एकदा लागला की सुटत नाही’ हेही खोटं. सोडल्यावर दोन-तीन दिवसांत चिडचिड, झोपमोड, अन्नावरची वासना उडणं सुरू होतं. पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो आणि बहुतेकांचा त्रास दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. या त्रासाला घाबरूनच अनेक जण पुन्हा चिलीम हातात घेतात. तो त्रास तात्पुरता आहे, हे घरच्यांना आधी ठाऊक असलं तर निम्मा धीर येतो. मेंदूतले सीबी-१ ग्राहक साधारण चार आठवड्यांत पूर्ववत होऊ लागल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. खास गांजासाठी मान्यताप्राप्त औषध नाही. समुपदेशन हाच उपचाराचा कणा.

त्यासाठी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, फोनवर १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा आहे. पोलिसांच्या धाकानं दडून बसायचंही कारण नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ सांगतं, की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर मात्र हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं.