कृत्रिम रक्तनळी आणि ‘रक्त पातळ’ करणारी गोळी

मधुमेह व विडी-सिगारेट यांमुळे पायाच्या धमन्या अरुंद होत जातात. चालताना पोटरीत गोळे येतात, पुढे बोटे काळी पडतात. अशा वेळी बंद भाग ओलांडून रक्ताला नवी वाट करून देणारी बायपास शस्त्रक्रिया पाय वाचवू शकते. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत कारकुनी करणारे. परंतु त्यानंतरच्या गोळ्यांविषयी गैरसमज फार, म्हणून हा लेखप्रपंच.

नव्या वाटेसाठी शक्यतो रुग्णाच्याच पायातील शीर वापरतात. ती चांगली नसेल तर डेक्रॉन किंवा पीटीएफई या पदार्थाची नळी बसवितात. आपल्या रक्तवाहिनीला आतून जिवंत अस्तर असते. ते रक्त गोठू देत नाही. कृत्रिम नळीला ते नसते. पोटातील मोठ्या धमनीच्या जागी रुंद नळी चालते, कारण तेथे रक्ताला जोर असतो. पण सहा मिलिमीटरहून बारीक नळीत, विशेषतः गुडघ्याखाली, लहानशी गुठळीही वाट बुजविते.

येथे गोळी कामास येते. तिने रक्त पातळ होत नाही. गोठण्याची क्रिया मंदावते. ॲस्पिरिन रक्तातील प्लेटलेट्सना एकमेकींस चिकटू देत नाही. वॉरफरिन ‘के’ जीवनसत्त्वाचे कार्य रोखते, त्यामुळे रक्त गोठविणारे घटक कमी पडतात. नेदरलँड्समधील २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असे दिसले की, शिरेच्या बायपासला वॉरफरिनच्या जातीची औषधे अधिक उपयोगी, तर कृत्रिम नळीला ॲस्पिरिन. शिवाय त्या औषधांनी मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालेल असे समजू नये.

वॉरफरिन चालू असल्यास ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी वेळेवर करावी व आकडे पासबुकाप्रमाणे तारीखवार लिहून ठेवावेत. पालक-मेथी सोडू नये, मात्र प्रमाण एकसारखे ठेवावे. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. शौचास काळी झाली, लघवीत रक्त दिसले किंवा डोक्यास मार लागला तर त्वरित रुग्णालय गाठावे. पाय एकाएकी थंड, पांढरा पडून दुखू लागला तरीही तसेच; तेथे तासांचा हिशेब असतो.

पाय दुखायचा थांबला म्हणून पुष्कळजण गोळी बंद करतात. परंतु दुखणे थांबले ते नळी उघडी आहे म्हणून. तेव्हा बंधू-भगिनींनो, डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही गोळी चुकवू नका, आणि विडी मात्र आजच सोडा.