प्लेट रोटाव्हेटर खात नाही

मे महिन्यात गॅरेजवर चक्कर मारली की एखादा तरी ट्रॅक्टर मधोमध फोडलेला दिसतो. इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे, खाली जॅक. मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं : "रोटाव्हेटरनं प्लेट खाल्ली." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. कारण एकदा दोष रोटाव्हेटरवर ढकलला की खरं कारण कुणी शोधत नाही, आणि तोच ट्रॅक्टर पुढच्या हंगामात पुन्हा फोडावा लागतो.

क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये स्प्रिंगच्या जोरावर दाबलेली असते. पकड पूर्ण असेल तर तिघं एकाच वेगानं फिरतात. घासणंच नाही, तर उष्णता येणार कुठून? प्लेट जळते ती घसरताना. म्हणून खरा प्रश्न एवढाच, की ती घसरली का?

बहुतेकदा कारण पेडलमध्ये सापडतं. लायनिंग झिजतं तशी क्लचची बोटं रिलीज बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचा मोकळा खेळ कमी होत जातो. तो संपला की बेअरिंग बोटांवर कायम टेकून राहतं. म्हणजे कुणाचा पाय नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच! पेडलशेजारी पट्टी उभी धरा आणि हातानं हलकं दाबा. जोर लागायच्या आधी पेडल किती खाली जातं ते मोजा. अनेक ट्रॅक्टरांत हे अंतर दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास असतं. तुमच्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत आहे, तोच धरा. दोन मिनिटांचं काम आहे, पण करतो कोण?

दुसरं कारण ड्रायव्हरचा पाय. डबल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की चाकांची प्लेट सुटते आणि पीटीओ, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणारा मागचा दांडा, फिरत राहतो. पूर्ण दाबलं की पीटीओही सुटतो. वळताना पाय अर्ध्याच्या जरा पुढे गेला आणि तिथेच रेंगाळला, की पीटीओची प्लेट धड धरत नाही, धड सोडत नाही. खाली रोटाव्हेटर मातीत असतो. लायनिंग जळाल्याचा तो उग्र वास तेव्हाच येतो. रोटाव्हेटर मातीत टेकवून, थ्रॉटल चढवून पीटीओ जोडणाऱ्यांचंही हेच होतं. आधी रोटाव्हेटर उचला, कमी वेगावर जोडा, फिरू द्या, मग हळूहळू खाली सोडा.

ट्रॅक्टर फोडण्याआधी एक गोष्ट लांबून पाहा. रोटाव्हेटर थांबला, पण ट्रॅक्टरमागचा पीटीओचा दांडा फिरतोय? मग बिघाड पुढे आहे : शिअर बोल्ट तुटला असेल किंवा स्लिप क्लच घसरत असेल. प्लेट बहुधा शाबूत आहे. इंजिन चालू, लिव्हर जोडलेला, पाय वर, तरी दांडाच थांबला, तर संशय पीटीओच्या प्लेटवर घ्या.

आणि ट्रॅक्टर उघडलाच तर नुसती प्लेट बदलून बंद करू नका. आमची प्लेट एका मिस्त्रीनं बदलली आणि दोन महिन्यांत पुन्हा घसरू लागली. उघडून पाहिलं, तर नवी प्लेट तेलानं काळी, चिकट झालेली. क्रँकशाफ्टचं मागचं ऑईल सील थेंबथेंब गळत होतं. त्या सीलपायी मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागली. म्हणून सील, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलवरचे निळे डाग आणि भेगा समोर उभं राहून तपासून घ्या. सगळी बोटं एका उंचीवर गेजनं लावून घ्या. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलनं धुतली की चालते, हाही भ्रमच. लायनिंगमध्ये मुरलेलं तेल तापलं की पुन्हा वर येतं.

शिअर बोल्ट सारखा तुटतो म्हणून कडक बोल्ट टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की तो तुटण्यासाठीच बसवलेला असतो. तो तुटला नाही, तर गिअर तुटेल.

"पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर आहे, कुठलाही रोटाव्हेटर ओढेल" हेही खरं नाही. तो आकडा इंजिनचा. पीटीओवर त्याहून कमी ताकद मिळते. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद स्वतंत्र दिलेली असते. रोटाव्हेटरची रुंदी ती पाहून ठरवा.

शेवटचं, आणि हे हात जोडून सांगतो. अडकलेला पाला काढायला "पीटीओ काढलाय ना" एवढ्या भरवशावर खाली वाकू नका. इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा. मिनिटाला 540 फेऱ्यांचा दांडा सेकंदाला 9 वेळा फिरतो. धोतराचं, साडीचं टोक त्यात गेलं, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.