गुलाब : परसबागेतील लागवड

बागेत लावण्यात येणारे बहुतेक गुलाब (कुल—रोझेसी, प्रजाती—रोझा) रानटी जातीच्या खुंटावर निवडक जातीचा डोळा भरून तयार केलेले असतात, त्यामुळे मुळे खुंटाची व फुले डोळ्याच्या जातीची असतात.

लागवड : दिवसातून निदान ६ तास ऊन मिळणारी व पाण्याचा निचरा होणारी जागा निवडतात. सु. ४५ ते ६० सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डे कुजलेले शेणखत व माती यांच्या मिश्रणाने भरतात. सांधा जमिनीच्या किंचित वर राहील अशा बेताने कलम लावतात. सांध्याखालून येणारे जोमदार फुटवे खुंटाचे असतात. ते उगमापासून काढले नाहीत, तर वरचा भाग क्षीण होऊन मरतो व खुंटाचा रानगुलाबच उरतो. झाडाने ‘जात बदलली’ असा जो समज होतो, त्याचे कारण हेच होय.

छाटणी : महाराष्ट्रात ती पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात करतात. रोगट, वाळलेल्या व गुंतलेल्या फांद्या काढून उरलेल्यांवर बाहेरच्या अंगास असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरकस काप घेतात. कापास बोर्डो मलम लावल्याने शेंड्याकडून फांदी वाळत जाण्याच्या रोगास आळा बसतो. सु. ६ ते ७ आठवड्यांनी बहर येतो.