घरकुलाआधी जागा

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतला बेघरपणा जनगणनेच्या आकड्यांत फारसा सापडत नाही. जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे रस्त्याकडेला, पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर राहणारा माणूस. २०११ साली असे लोक देशात सुमारे १७ लाख ७३ हजार, तर महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर मोजले गेले. नाणेघाटाच्या पायथ्याच्या वैशाखरे परिसरातल्या एखाद्या कातकरी वाडीवर मात्र झोपडी असते. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप असतो, चूलही असते. ज्या जमिनीवर हे सगळे उभे आहे, ती त्या कुटुंबाची नसते. सातबारावर नाव गावातल्या खातेदाराचे, वनखात्याचे किंवा सरकारचे असते. त्यामुळे कुटुंब बेघर ठरत नाही, पण कधीही बेघर होऊ शकते.

या भागात ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी या प्रमुख आदिवासी जमाती आहेत. पहिल्या दोघांकडे थोडीफार शेती असते. कातकरी बहुतेक भूमिहीन. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती आदिम म्हणून नोंदल्या आहेत. मुंबईच्या आसपासची जमीन महागली, फार्महाऊस आणि प्लॉटिंग आले, आणि पिढ्यानपिढ्या कोणाच्या नजरेत न भरलेल्या वाडीच्या जागेलाही भाव आला. जमीन विकली गेली की नवा मालक प्रथम कुंपण घालतो, आणि वाडीचा पाणवठ्याकडे जाणारा रस्ता बंद होतो.

अशा वेळी कायदा वाटतो तितका दुबळा नाही. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ नुसार कुळाने मालकाच्या जागेवर स्वखर्चाने बांधलेल्या राहत्या घरातून त्याला काढता येत नाही आणि ती जागा विकायची झाली तर पहिला हक्क त्याचाच. शेतमजूर आणि कारागिरांनाही हे संरक्षण आहे. वनजमिनीवरच्या वस्तीसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून राहणाऱ्या आदिवासीला शेतीइतकाच राहण्याचाही हक्क मागता येतो, आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत त्याला हुसकावता येत नाही. दावा ग्रामसभेपुढे सुरू होतो आणि उपविभागीय समितीमार्गे जिल्हा समितीकडे जातो. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. या तरतुदी माहीत असलेली माणसे वाडीवर अपवादानेच भेटतात, हाच खरा अडसर.

जागेचा प्रश्न सुटला की घराचे पैसे येऊ शकतात, आणि ते अनेक खिशांतून येतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान आणि किमान २५ चौरस मीटरचे घर हे मूळ प्रमाण आहे. आदिवासी विकास विभागाची शबरी घरकुल योजना वेगळी. तिची चौकशी शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात करायची. आदिम जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पीएम-जनमन मोहीम जाहीर झाली. तिच्यात घरामागे २ लाख रुपये, शिवाय शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून बांधकामाची मजुरी मिळते. ज्याच्याकडे जागाच नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. तिची मदत आधी ५० हजार होती, पुढे १ लाख झाली. हायवेलगतच्या गावात एवढ्या पैशांत किती जागा मिळेल, हा हिशेब वाचकाने स्वतःच करून पाहावा.

कागदांची वाट ग्रामपंचायतीतून मुरबाड किंवा शहापूरच्या पंचायत समितीत, गटविकास अधिकाऱ्याकडे जाते. जातीचा दाखला, आधार, जॉबकार्ड, बँक खाते आणि जागेचा उतारा, निदान ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची नोंद लागते. शेवटच्या कागदापाशी बहुतेक अर्ज थांबतात.

मंजुरी मिळाली तरी वेळापत्रक आडवे येते. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर मिळतात: जोते झाले, फोटो काढला, मग पुढची रक्कम. बांधकामाचे दिवस दिवाळीपासून पावसाळ्याआधीपर्यंतचे, आणि नेमके तेव्हाच कुटुंब वीटभट्टीवर असते. पावसाळ्यात हाताला काम नसताना मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा, बायको, मुले सगळी निघतात. भट्टीवर राहायला भोंगा असतो. कच्च्या विटा रचायच्या, वर गवत किंवा प्लास्टिक टाकायचे, आणि वाकून आत शिरायचे. हंगामअखेर हिशेबात उचल फिटली नाही तर पुढचे वर्षही त्याच मालकाकडे.

अशी अडकवणूक १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरली आहे. घराच्या दृष्टीने या कायद्यातली एक तरतूद मोलाची आहे: वेठीच्या मोबदल्यात मालकाने राहायला दिलेल्या जागेतून मुक्त झालेल्या मजुराला हुसकावता येत नाही. तक्रार प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे करायची. मुक्तीचा दाखला मिळाल्यावर २०१६ च्या केंद्रीय योजनेतून प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि अतिगंभीर प्रकरणांत ३ लाखांपर्यंत पुनर्वसन साहाय्य आहे. त्याची मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली आहे. ठाणे जिल्ह्यात या कामात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी उभी केलेली श्रमजीवी संघटना १९८० च्या दशकापासून आहे. त्यांच्याच विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या मुलांसाठी चालवलेल्या शाळांचे नावही भोंगा शाळा असे पडले.

पावसाने झोपडी पडली तर तहसीलदारांकडे कळवून तलाठ्याचा पंचनामा करून घ्यावा लागतो. आपत्ती मदतीच्या निकषांत २०२२ पासून पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहेत, झोपडीला ८ हजार. पंचनाम्यात ‘कच्चे घर’ लिहिले की ‘झोपडी’, यावर किती फरक पडतो ते यावरून कळावे.

जमिनीमुळे नव्हे, तर घरच्यांमुळे बाहेर पडावे लागलेल्यांची सोय वेगळी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. १८१ वर फोन केला की संरक्षण अधिकारी किंवा सखी केंद्राशी गाठ घालून दिली जाते. म्हाताऱ्या आईबापांना मुलांनी टाकले तर २००७ च्या कायद्यानुसार प्रांताच्या न्यायाधिकरणात पोटगी मागता येते. त्यासाठीची हेल्पलाइन १४५६७, आणि लहान मुलांसाठी १०९८. रात्र काढायला निवारा मात्र तालुक्यात शोधून सापडत नाही. बेघरांसाठीची रात्रनिवारा योजना शहरी उपजीविका अभियानाचा भाग म्हणून आली, आणि ती नगरपालिका-महापालिकांपुरतीच होती.